लिस्पमधील लेक्सर आणि पार्सर

लेक्सर आणि पार्सर हे मजकुराचे विश्लेषण करणाऱ्या संगणकीय आज्ञावलीचे दोन टप्पे होत. लेक्सर वर्णांच्या ओळीतून शब्द, संख्या व चिन्हे असे घटक वेगळे करतो. पार्सर व्याकरणाच्या नियमांनुसार त्या घटकांची रचना लावतो. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये आखलेल्या लिस्प भाषेत आज्ञावली आणि विदा या दोन्ही कंसांतील याद्यांच्या रूपात लिहितात. अशा याद्या वाचणारे ‘रीड’ हे फलन भाषेतच असल्याने कंसांच्या लेखनासाठी निराळा पार्सर लागत नाही. इतर लेखनपद्धतींसाठी मात्र तो लिहावा लागतो.

पार्सरची रचना

‘२ + ३ * ४’ ही राशी घेऊ. राशी म्हणजे बेरजेच्या चिन्हाने जोडलेली पदे आणि पद म्हणजे गुणाकाराच्या चिन्हाने जोडलेल्या संख्या, असे दोन नियम पुरेसे आहेत. प्रत्येक नियमासाठी एक फलन लिहितात. राशीचे फलन पदाच्या फलनाला बोलावते, म्हणून गुणाकार आधी बांधला जाऊन (+ २ (* ३ ४)) ही यादी मिळते. लेक्सरने अंकांचे संख्यांत रूपांतर केले असेल, तर ही यादीच वैध लिस्प आज्ञा ठरते व तिचे मूल्य १४ येते. लिस्पची खरी सोय हीच. मात्र ‘राशी म्हणजे राशी अधिक पद’ असा नियम जसाच्या तसा लिहिल्यास फलन एकही घटक न वाचता स्वतःलाच बोलावत राहते. तेथे आवर्तन वापरावे लागते.

देवनागरी मजकूर

कॉमन लिस्पचे १९९४ चे प्रमाणक केवळ ९६ वर्णांची हमी देते. देवनागरीची हाताळणी त्या त्या अंमलबजावणीवर अवलंबून असते. ‘वर्धा’ हा शब्द युनिकोडमध्ये व, र, हलन्त, ध आणि काना अशा पाच संकेतांनी साठवला जातो. यांपैकी हलन्त व काना ‘अक्षर’ या वर्गात मोडत नाहीत. त्यामुळे केवळ अक्षरेच स्वीकारणारा लेक्सर ‘वर’ आणि ‘ध’ असे तुकडे करतो. ‘वर’ हा मराठीत स्वतंत्र शब्द असल्याने ही चूक सहज लक्षातही येत नाही. शब्दाच्या व्याख्येत चिन्हवर्गांचा समावेश करणे हा त्यावरील उपाय आहे. ‘वर्ध्याहून’ या रूपातून ‘वर्धा’ शोधण्यासाठी मात्र लेक्सर पुरत नाही. सामान्यरूप ओळखणारे रूपविश्लेषण त्याच्यापुढे जोडावे लागते.