एकाच नांवाच्या दोन फायली

दप्तरांत एकाच गटाचे दोन उतारे आढळले, तर तारीख पाहिल्यावांचून आपण एकही फाडीत नाहीं. संगणकावर बॅकअप परत घेतांनाही तोच नियम पाळावा. मूळ फोल्डरांत त्याच नांवाची फाईल असल्यास विंडोज विचारतें : बदलावी, वगळावी, कीं दोन्ही ताडून पाहाव्या ? घाईनें पहिला पर्याय घेतल्यास जुनी प्रत नव्या फेरफाराच्या उताऱ्यावर बसते, आणि गेलेली फाईल रिसायकल बिनमध्येंही सांपडत नाहीं. यास्तव बॅकअप प्रथम निराळ्या, रिकाम्या फोल्डरांत उतरवावा. तारीख व आकार ताडावा. संशय राहिल्यास फाईल उघडून वाचावी. पुढें नांवांतच गट नंबर व तारीख घालावी, जसें ‘गट-११२-सातबारा-२०२५-०६-१५’. म्हणजे नांवें जुळून घोटाळा होणार नाहीं.