गंजलेली मोटार : आधी तळ पाहा, मग रंग लावा

भिवंडीत आमच्या शेजारच्या एका तरुणाने जुनी पद्मिनी मोटार घेतली. रंग कसा चकचकीत! तो म्हणाला, "गुरुजी, गाडी कशी वाटते?" मी म्हणालो, "बाबा, जरा लोहचुंबक आण पाहू."

चुंबक फडक्यात गुंडाळून दाराला लावले. ते चिकटले. दाराच्या खालच्या पट्टीला लावले, तर गळून पडले. तिथे पत्रा उरलाच नव्हता! भोकात लांबी भरून वर रंग मारला होता. वरून कीर्तन, आतून तमाशा!

पद्मिनी तुम्ही पाहिली असेल. मुंबईची जुनी काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी बने. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली. पण हौसेने जपलेल्या गाड्या अजून आहेत.

आता गंज म्हणजे काय? लोखंडाला हवा आणि पाणी एकत्र मिळाले की गंज चढतो. खारट हवेत तो लवकर चढतो. आपल्याकडे चार महिने पाऊस, आणि खाडीही जवळ. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून वरचा रंग फुगतो. रंगाला फोड दिसला, की आत गंज आहे असे समजावे.

चिखल आणि पाणी साचते तिथे गंज आधी लागतो. मडगार्डच्या आत, दाराखाली, पायाखालच्या पत्र्याला. ट्रकला खाली वेगळी मजबूत चौकट असते. पद्मिनीला तशी नाही. तिचा पत्र्याचा सांगाडाच सगळा भार उचलतो. म्हणून तळ कुजला तर गाडी नुसती कुरूप होत नाही, धोक्याची होते. टक्कर झाली तर माणसाचा जीव जाईल.

मग थोड्या पैशांत काय करावे?

पहिले काम : गालिचे काढून तळ पाहा. स्क्रू-ड्रायव्हरने टोचा. पत्रा दबला तर तो कुजला.

दुसरे : तारेच्या ब्रशाने आणि पॉलिश पेपरने गंज खरवडा. चकचकीत लोखंड दिसेपर्यंत थांबू नका. नाका-तोंडाला फडके बांधा. जुन्या रंगाची धूळ विषारी असू शकते.

तिसरे : कुजलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा नवा पत्रा वेल्डिंगने जोडून घ्या. हे काम जाणत्या कारागिराचेच.

चौथे : लगेच रेड ऑक्साईड लावा. वेल्डिंगने पत्र्याच्या आतल्या बाजूचा रंग जळतो. तिथेही लावा. मग लांबीचा पातळ थर, मग रंग. लांबी फक्त खड्डा बुजवते, भोक नाही. ती पाणी शोषते.

वेल्डिंगआधी बॅटरीची तार सोडा. पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवा. टाकी रिकामी असली तरी आत वाफ असते, आणि ठिणगीने तिचा स्फोट होतो. वाळूची बादली जवळ असू द्या. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतू नका.

खरवडणे, धुणे, घासणे आपल्या हाताने करावे. तिथे मजुरी वाचते. रंगही थांबू शकतो. पण तळाच्या वेल्डिंगमध्ये काटकसर नको. शेवटी दाराखालची पाणी जायची भोके मोकळी करा. ती तुंबली की गंज परत आलाच.

त्या तरुणाने तसेच केले. आधी तळ, रंग पुढच्या वर्षी. पावसाळ्यापूर्वी काम उरकले. आज गाडीला लाल ठिगळे दिसतात. लोक हसतात. तो म्हणतो, "हसू द्या, गुरुजी. आता पोरांना बिनघोर बसवतो."

तुमच्या घरी मोटार नसेल. पण नांगर असेल, पत्र्याची पेटी असेल, छपराचा पत्रा असेल. गंजाची रीत सगळीकडे तीच. झाकला तर वाढतो, खरवडला तर थांबतो.