अवघड खेळाच्या वाटेस नवख्याने जावे काय?

संगणकावरील खेळांचा विषय निघाला की आपल्याकडे बहुधा दोनच सूर ऐकू येतात. वडीलधाऱ्यांचा सूर काळजीचा असतो: डोळे बिघडतात, अभ्यास बुडतो, वेळेचे भान राहत नाही. तरुणांचा सूर बचावाचा असतो: दिवसभराच्या श्रमानंतर घटकाभर करमणूक केली तर कोणाचे काय बिघडले? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. त्या कायद्याने निदान पैशाचा खेळ आणि बाकीचे खेळ असा भेद तरी केला. घरातल्या वादात तेवढाही भेद सहसा होत नाही. त्यामुळे एक निराळाच प्रश्न चर्चेबाहेर राहून जातो. काही खेळ असे आहेत की त्यांत पैसा नाही, झटपट थरार नाही आणि आयती करमणूकही नाही. ते शिकण्यासाठी आठवडेच्या आठवडे खर्ची घालावे लागतात आणि तेवढे करूनही पहिले काही डाव हरावेच लागतात. अशा खेळाच्या वाटेस नवख्याने जावे काय, हा तो प्रश्न होय.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक नमुना समोर ठेवणे बरे. ‘डोमिनियन्स’ हा स्वीडनमधील योहान कार्लसन आणि क्रिस्टोफर ऊस्टरमान या दोघांनी रचलेला खेळ. त्यांतील ऊस्टरमान हे पेशाने शिक्षक. खेळाची पहिली आवृत्ती या शतकाच्या आरंभी निघाली, तिसरी २००६ साली, पाचवी २०१७ साली आणि सहावी जानेवारी २०२४ मध्ये. कल्पना अशी की, विश्वाचा सर्वसत्ताधीश ‘पांटोक्रेटर’ नाहीसा झाला आहे आणि त्याच्या रिकाम्या आसनासाठी अनेक तोतये देव झगडत आहेत. खेळाडू हा त्यांतलाच एक देव. त्याच्या हाती एक राष्ट्र, त्याची फौज, त्याचे मांत्रिक आणि पुजारी. नुसत्या तिसऱ्या आवृत्तीतच ५० हून अधिक राष्ट्रे, १,५०० हून अधिक प्रकारचे योद्धे व प्राणी आणि ६०० च्या आसपास मंत्र होते. तिच्याबरोबर येणारे माहितीपुस्तक सुमारे ३०० पानांचे होते. बुद्धिबळाचे नियम एका संध्याकाळी शिकता येतात आणि खेळ आयुष्यभर पुरतो. येथे नियमांनाच आयुष्य पुरेल की काय, अशी शंका नवख्यास येते.

देव घडविण्यापासून आरंभ

खेळाची पहिली परीक्षा पहिल्या खेळीच्याही आधी होते. आपला देव कसा असावा हे खेळाडूने स्वतः ठरवायचे असते. तो उग्र नाग असो, वृद्ध मांत्रिक असो की जागचा न हलणारा पाषाण असो. त्यासाठी ठरावीक गुणांक मिळतात. देव आरंभापासून जागृत हवा असेल तर त्याची किंमत मोजावी लागते. तो निद्रिस्त चालत असेल तर सुमारे वर्षभराने प्रकट होतो, बंदिस्त चालत असेल तर सुमारे तीन वर्षांनी. आणि एक खेळी म्हणजे एक महिना. वाचलेले गुणांक प्रजेच्या सुव्यवस्थेसाठी, उत्पादनासाठी, धान्यसमृद्धीसाठी किंवा भाग्यासाठी खर्च करता येतात. समर्थ राजा आज हवा की सुस्थित प्रजा उद्या हवी, हा राज्यशास्त्रातला जुना पेच येथे आकड्यांत मांडलेला आहे.

नवख्याची अडचण अशी की, या निर्णयाचे फळ तीस खेळ्यांनंतर दिसते. तोवर आपण चुकलो हेच त्याला कळत नाही. शिवाय हे राज्य नुसत्या तलवारीवर चालत नाही. कोणत्या प्रांतातील लोकांची श्रद्धा कोणाकडे आहे हे नकाशावर मेणबत्त्यांच्या रूपाने दिसते. फौज शाबूत असूनही शेवटची मेणबत्ती विझली तर देव संपतो आणि डावही संपतो. श्रद्धा हाच सत्तेचा पाया, ही गोष्ट केवळ सजावटीसाठी सांगितलेली नाही. ती खेळाच्या हिशेबातच बसविलेली आहे.

आज्ञा आधी, लढाई नंतर

या खेळाचे खरे वैशिष्ट्य त्याच्या लढाईत आहे. लढाई जुंपल्यावर खेळाडूला काहीही करता येत नाही. कोणती तुकडी कोठे उभी राहील, तिरंदाज कोणावर नेम धरतील, घोडदळ थोडे थांबून शत्रूच्या पिछाडीवर केव्हा तुटून पडेल, मांत्रिक पहिले पाच मंत्र कोणते म्हणेल, हे सारे आधी ठरवून द्यायचे. सर्व खेळाडूंच्या आज्ञा एकाच वेळी अमलात येतात. मग आपण नुसते प्रेक्षक. शत्रूनेही त्याच महिन्यात काय योजले आहे याचा केवळ तर्क करता येतो.

आणि मग जे दिसते ते नवख्याचे डोळे उघडणारे असते. आपल्याच तिरंदाजांचे बाण आपल्याच आघाडीवर पडतात. जाड चिलखतातले शूर वीर थोड्याच वेळात धापा टाकू लागतात. मोठा मंत्र म्हणणारा मांत्रिक थकून बेशुद्ध पडतो. उजाड प्रांतात नेलेली प्रचंड फौज शत्रू येण्याआधीच उपासमारीने व रोगराईने खचते. १७६१ साली पानिपतावर रसद तुटल्यावर काय झाले हे ज्या महाराष्ट्राला सांगावे लागत नाही, त्याला या नियमातले सत्य समजावून देण्याची गरज नाही. लढाईत सैनिकाचा डोळा किंवा हात गेला तर तो सहसा गेलेलाच राहतो, आणि म्हातारे मांत्रिक हिवाळ्यात आजारी पडतात. दैवाचाही वाटा आहे. एखादा फाटका शिलेदार क्वचित एखाद्या राक्षसाला लोळवतो.

तथापि येथील हार अनाकलनीय नसते. झालेली लढाई पुनःपुन्हा पाहता येते आणि जिथे घडी विस्कटली ते स्थळ बोटाने दाखविता येते. आपल्या परीक्षापद्धतीत गुणपत्रिका विद्यार्थ्याला किती गुण मिळाले ते सांगते, कोठे चुकले ते सांगत नाही. नापास होणे हा आपल्याकडे कलंक आहे, चुकीची चिकित्सा करण्याची संधी नाही. ज्या समाजात मुलगा किंवा मुलगी एका वर्षाच्या अपयशाने कायमची खचते, त्या समाजात निर्भयपणे हरण्याची आणि हरण्याचे कारण शोधण्याची सवय कोठे लागावी? पैसा, प्रतिष्ठा किंवा वर्ष यांपैकी काहीही पणाला न लावता ती सवय लावणारे साधन म्हणून अशा खेळाकडे पाहिले पाहिजे. त्याची बाजू घेण्याचे माझ्या मते हेच सर्वांत मोठे कारण आहे.

ओळखीचे शब्द, अनोळखी जग

मराठी वाचकाला या खेळात शिरण्यासाठी एक दार अनपेक्षितपणे उघडे सापडते. त्यातील राष्ट्रे निरनिराळ्या संस्कृतींच्या पुराणांवरून व इतिहासांवरून रचलेली आहेत. रोमच्या वळणाचे ‘एर्मोर’ पुढच्या युगात प्रेतांचे साम्राज्य होऊन बसते. ‘मिक्त्लान’ अझ्टेकांच्या नरबळीची आठवण देते. आणि याच यादीत ‘कैलास’ आहे, ‘लंका’ आहे, ‘पाताळ’ही आहे. आद्ययुगातील कैलासात वानरांवर यक्षांची सत्ता असते आणि गंधर्व, अप्सरा, किन्नर त्यांच्या सोबतीला येतात. लंकेत राक्षसांचे राज्य आणि रक्ताच्या मंत्रांचे माजलेले स्तोम. मध्ययुगातील ‘बंदर-लोग’ हे नाव किपलिंगच्या जंगलकथांतून उचललेले. पाताळात अखेरीस नागांचे राज्य येते. वानरसेनेत लहानखुरा मर्कट, आटवी, वानर आणि धिप्पाड बांदर अशा जातीही आहेत.

आपल्या पुराणांतील शब्द परक्या हातांनी असे मांडलेले पाहून कोणी बिचकेल. रामायणाची संगती येथे शोधू नये. ती सापडणार नाही. परंतु दोघा स्वीडिश माणसांना यक्ष आणि किन्नर यांतला फरक खेळात आणण्याइतके कुतूहल असावे आणि आपल्या पदवीधरांना तो फरक कोशात पाहावा लागावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी नाही काय? खेळ संपल्यावर पुराणकोश हाती घ्यावासा वाटला, तर तो वेळ वाया गेला असे म्हणवत नाही.

अवघडपणाचे दोन प्रकार

येथवर बाजू मांडली ती पूर्ण नाही. अवघडपणा हा स्वतः काही सद्‌गुण नव्हे. विषय खोल असल्यामुळे येणारा अवघडपणा वेगळा आणि मांडणी किचकट असल्यामुळे येणारा वेगळा. डोमिनियन्समध्ये दोन्ही आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. चित्रे लहान व ओबडधोबड आहेत. माहितीपुस्तक इंग्रजीत आहे. आणि राज्य वाढले की खेळाची कारकुनी होते. शंभर सरदारांना शंभर आज्ञा, रत्नांची वाटणी, मांत्रिकांच्या बदल्या, रसदीचे हिशेब. दिवसभर कचेरीत फायली उपसून आलेल्या माणसाला घरी पुन्हा तेच करण्यात कोणते सुख, असे कोणी विचारले तर त्याला गप्प करणारे उत्तर नाही.

संगणक हा प्रतिस्पर्धी म्हणूनही बेताचाच. खेळाचे खरे रूप दिसते ते माणसांविरुद्ध. तेव्हा प्रत्येक खेळीला एक-एक दिवस दिला जातो आणि डाव महिनेच्या महिने चालतो, पूर्वी पोस्टकार्डावरून बुद्धिबळाचे डाव चालत तसा. त्यात तह होतात. दिलेल्या शब्दाला तेथे मोल असते. असा डाव अर्ध्यावर सोडणारा खेळाडू केवळ स्वतःचे नुकसान करीत नाही, तर बाकीच्या सर्वांच्या वेळेचा अपमान करतो. म्हणून हे पाऊल नवख्याने घाईने टाकू नये.

कोणी जावे, कसे जावे

ज्याला थकव्यानंतर नुसता विसावा हवा आहे त्याने या खेळाकडे फिरकू नये. विसाव्याची गरज हा काही दोष नाही. ज्याची परीक्षा दोन महिन्यांवर आहे त्यानेही तूर्त दूर राहावे, कारण “आणखी एक महिना खेळू आणि उठू” या वाक्याने या खेळात मध्यरात्री उलटतात. बाकीच्यांनी जावे, परंतु विजेता म्हणून जाऊ नये, विद्यार्थी म्हणून जावे.

माहितीपुस्तक प्रथमपासून अखेरपर्यंत वाचण्याचा हट्ट नको; शब्दकोश वाचून कोणी भाषा शिकत नाही. लहान नकाशा घ्यावा, संगणकाचे एक-दोन प्रतिस्पर्धी पुरेत. राष्ट्र साधे निवडावे. मध्ययुगातील ‘उल्म’ हे पोलादी चिलखतांचे आणि बेताच्या जादूचे राष्ट्र त्या दृष्टीने बरे, कारण तेथे विसरण्यासारख्या गोष्टी कमी. पहिल्या वर्षात शेजारचे मोकळे प्रांत हेर पाठवून पारखावे आणि एकेक करून घ्यावे, एवढेच उद्दिष्ट ठेवावे. पहिला डाव रसद समजण्यासाठी, दुसरा लढाईची मांडणी समजण्यासाठी, तिसरा श्रद्धेचा हिशेब समजण्यासाठी, असे मनाशी ठरवावे. आणि तिन्ही डाव हरण्याची तयारी आधीच ठेवावी.

तिसऱ्या हारीनंतर स्वतःला एकच प्रश्न विचारावा. हरल्याचा राग अधिक येतो, की आपण का हरलो याची उत्सुकता अधिक वाटते? राग अधिक असेल तर खेळ खुशाल बाजूस ठेवावा. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि जगात करण्यासारखे इतर पुष्कळ आहे. उत्सुकता अधिक असेल तर चौथा डाव मांडावा. मुलाच्या हाती असा खेळ दिसला तर पालकांनीही “किती वेळ खेळलास” एवढेच न विचारता “आज का हरलास” हेही विचारून पाहावे. त्याने नीट कारणे दिली, तर तो त्या वेळेत काहीतरी शिकला आहे, असे खुशाल समजावे.