अर्धवट मात्रा, वाढती कीड

फवारणीनंतर भातावरचे सगळेच तपकिरी तुडतुडे मरत नाहीत. बुंध्याशी दडलेल्यांना औषध अर्धवटच लागतं. अशा मात्रेने कधी पिल्लांची वाढ रखडते, अंडी घटतात. कधी नेमकं उलटं होतं. डेल्टामेथ्रिन आणि मिथाइल पॅराथिऑनच्या अशा मात्रेनंतर माद्या जास्त अंडी घालतात, हे फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या प्रयोगांत १९८०च्या सुमारास दिसलं. त्यातच तुडतुडे खाणारे कोळीही फवारणीत मरतात आणि कीड पुन्हा उसळते. या अनुभवातून इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावर ५७ कीटकनाशकं वापरायला बंदी घातली. म्हणून आधी बुंध्याशी कीड मोजा. आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असेल तरच शिफारशीचं औषध, शिफारशीच्याच मात्रेत, थेट बुंध्यावर फवारा.