नेटच्या बॉक्समधला पंखा

ताई, ऑफिसचं नेट रोज भर दुपारी जातं आणि ऊन उतरलं की आपोआप येतं, असं होत असेल तर लगेच कंपनीला बोल लावू नका. आधी बॉक्सला कान लावा.

घरातल्या छोट्या राउटरला बहुतेक वेळा पंखा नसतो, हवेसाठी नुसती भोकं असतात. ऑफिसातल्या मोठ्या बॉक्समध्ये मात्र बोटभर पंखा असू शकतो. वणीत उन्हाळ्याची धूळ, त्यात चैत्रात गडावर जाणाऱ्या गाड्या. धूळ पात्यांवर बसते, पंखा घरघरतो, एक दिवस थांबतो. बॉक्स तापून बंद पडतो, आणि बँक सखीकडे पैसे काढायला आलेली आजी रिकाम्या हाताने परत जाते.

त्यासाठी नवा बॉक्स लागत नाही. बॉक्स कंपनीचा किंवा वॉरंटीत असेल तर उघडू नका, कळवा. आपला असेल तर प्लग काढून दुरुस्तीवाल्याकडे द्या, पण स्वतः लक्ष ठेवा. जुन्या स्टिकरवर ५ व्होल्ट असेल तर नव्यावरही ५च, १२ असेल तर १२च. जाडी तीच. वायरीही मोजा. तिसरी वायर पंख्याचा वेग बॉक्सला कळवते. ती नसली तर काही बॉक्स पंखा बंद आहे असंच धरतात.

वाऱ्याची दिशा तर हमखास चुकते. चौकटीवर बाण असतो. नसला तर सहसा स्टिकरच्या बाजूने वारा बाहेर पडतो. जुना काढण्याआधीच मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

आणि बॉक्सवरचा तो क्रोशाचा रुमाल! विणलाय सुरेख, पण भोकं झाकतो. टेबलावर अंथरा.