समाजशास्त्र व धर्म

गेल्या वर्षी शालान्त परीक्षेचा निकाल लागल्यावर एक पालक आम्हांस भेटावयास आले. त्यांच्या कन्येने महाविद्यालयात समाजशास्त्र हा विषय घ्यावयाचे ठरविले होते. गृहस्थ मोठे श्रद्धाळू. त्यांनी जरा संकोचानेच विचारले, "सर, या शास्त्राने मुलीचा देवावरचा विश्वास तर उडणार नाही ना?" आम्ही दोन वाक्यांत त्यांचे समाधान करून त्यांस वाटेस लावले, पण ते उत्तर अपुरे होते ही रुखरुख मनास लागून राहिली. वार्षिकाच्या संपादकांनी यंदा आम्हांस काही लिहावयास सांगितले आहे, तेव्हा ते ऋण येथे फेडावे असे योजिले आहे.

प्रथम हे कबूल केले पाहिजे की, त्या गृहस्थांची भीती अगदीच निराधार नव्हती. 'समाजशास्त्र' या नावाचा जनक ऑगस्ट कोंत हा फ्रेंच तत्त्वज्ञ कॅथलिक घराण्यात जन्मून तरुणपणीच देवावरील विश्वास सोडून बसला होता. मनुष्याची बुद्धी प्रथम धर्माच्या, मग तत्त्वचिंतनाच्या आणि अखेरीस विज्ञानाच्या अवस्थेस पोहोचते, असा त्याचा सिद्धान्त. १८३९ साली छापलेल्या ग्रंथात त्याने या नव्या शास्त्राचे नामकरण केले. आता गंमत पाहा. ज्याने धर्मास बालपणीची अवस्था ठरविले, त्यानेच उतारवयात 'मानवतेचा धर्म' स्थापन केला. त्यास मंदिरे दिली, पुरोहित दिले, संस्कार दिले. तेरा महिन्यांचे एक पंचांगही रचिले. धर्म दाराबाहेर घालविणाऱ्यास तो खिडकीतून पुन्हा आत घ्यावा लागला, असेच म्हणावयाचे!

पुढील पिढीने हा प्रश्न निराळ्या रीतीने मांडला. एमिल दुर्खीम (१८५८–१९१७) हा यहुदी धर्मगुरूचा पुत्र. तो स्वतः श्रद्धावान राहिला नव्हता. परंतु ज्या गोष्टीवर मानवजात हजारो वर्षे जगत आली ती निव्वळ भ्रम असणे शक्य नाही, असे त्याचे म्हणणे होते. १९१२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने ऑस्ट्रेलियातील आदिवासींच्या विधींचा विचार करून असे प्रतिपादिले की, काही वस्तू पवित्र मानून त्यांच्याभोवती माणसे एकत्र येतात व त्या एकत्र येण्यातूनच समाज घडतो. जर्मनीच्या माक्स वेबरने तर ख्रिस्ती, हिंदू, बौद्ध, चिनी अशा नाना धर्मांची शिकवण माणसाच्या व्यापारउदिमावर कशी उमटते, याचा शोध घेतला. सारांश, देव आहे किंवा नाही हा प्रश्न या शास्त्राने हळूहळू बाजूस ठेविला आणि देवासमोर माणसे परस्परांशी कशी वागतात, हा प्रश्न हाती घेतला.

महाराष्ट्रास हा प्रश्न नवा नव्हता. जोतीराव फुले यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला, तो याच प्रश्नाने अस्वस्थ होऊन. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्ड येथे धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आले आणि १९०६ साली त्यांनी मुंबईत अस्पृश्यांसाठी मिशन काढले. १९१६ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भीमराव आंबेडकर या पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. जातीचे मर्म कशात आहे, तर आपल्याच वर्तुळात विवाह करण्यात, हे त्यात त्यांनी नेमके दाखविले. आपल्या बोलीत ज्यास रोटीबेटी व्यवहार म्हणतात त्यातील बेटीचे बंधन हेच जातीचे मूळ, हा त्याचा अर्थ. पुढे याच विषयावर सहस्रावधी पृष्ठे लिहिली गेली. पण त्या तरुणाने लावलेली कसोटी आजही उपयोगी पडते, हे या लेखाच्या अखेरीस दिसेल.

मुंबई विद्यापीठात या शास्त्राचा विभाग १९१९ साली निघाला. त्याचे पहिले प्राध्यापक पॅट्रिक गेडिस हे मूळचे जीवशास्त्रज्ञ व पुढे नगररचनाकार. त्यांनी निवडलेला एक होतकरू तरुण म्हणजे मालवणचा गोविंद सदाशिव घुर्ये. संस्कृत घेऊन एम. ए. झालेला हा तरुण केंब्रिजहून डॉक्टर होऊन परतला व १९२४ पासून विभागाचा प्रमुख झाला. १९५१ साली भारतीय समाजशास्त्र परिषदही त्यांनीच स्थापिली. एका हाती वेद-पुराणे व दुसऱ्या हाती लोकांच्या चालीरीतींची टिपणे, असा त्यांचा अभ्यास. १९३२ साली त्यांनी जातींवर ग्रंथ लिहिला, १९५३ साली साधूंच्या आखाड्यांवर व संप्रदायांवर, १९६२ साली देवदेवतांवर. कालिना येथील विद्यानगरीत हा विभाग आज आहे. अंधेरीच्या मुलांस तो रेल्वेने दोनच स्थानके दूर पडतो, हे आमच्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांस ठाऊक असेल.

घुर्ये यांचे सर्वच म्हणणे आम्हांस पटते असे नाही. आदिवासी हे मागासलेले हिंदूच होत, असे मत त्यांनी १९४३ साली मांडले. मिशनरी म्हणून भारतात आलेले व पुढे चर्च सोडून गोंड-बैगांत राहिलेले व्हेरियर एल्विन यांच्याशी त्यांचा यावरून मोठा वाद झाला. जनगणनेत आदिवासींचा धर्म कधी 'जडप्राणवादी' तर कधी 'आदिवासी' म्हणून नोंदला जाई. त्यामुळे हा वाद केवळ पंडितांचा नव्हता. आरे व बोरिवलीच्या रानातील वारली वाघोबास पुजतात. त्यांच्या परंपरेत लग्न लावावयास भटजी नसून धवलेरी, म्हणजे गाणी म्हणून लग्न लावणारी स्त्री, असते. या माणसांनी स्वतःस काय म्हणवून घ्यावे, हे त्यांसच विचारावयास हवे होते असे आम्हांस वाटते.

घुर्ये यांच्या विद्यार्थ्यांत इरावती कर्वे यांचे नाव मराठी वाचकांस विशेष जवळचे. १९२८ साली त्यांच्या हाताखाली एम. ए. होऊन त्या जर्मनीस गेल्या व पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आयुष्यभर राहिल्या. त्या ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत पायी गेल्या आणि त्या अनुभवावर त्यांनी लेख लिहिला. १९६२ साली तो इंग्रजीतूनही प्रसिद्ध झाला. तो प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावा. ज्या प्रदेशातील लोक पंढरीस जातात तो महाराष्ट्र, अशी महाराष्ट्राची व्याख्या त्यांस या वाटेवर सुचली. एक भाषा, एक अभंग, एक पाऊल. दुर्खीमने सांगितलेले एकत्र येणे याहून स्पष्ट कोठे दिसणार?

परंतु त्याच वाटेवर त्यांस दुसरेही दिसले. मुखी एकच अभंग असलेल्या त्यांच्या दिंडीत ब्राह्मण व मराठे जेवावयास निरनिराळे बसत. इरावतीबाईंस हे सहन झाले नाही. त्या दोन्हीकडे जेवू लागल्या. मराठा स्त्रियांच्या पंक्तीस त्या बसल्या, तेव्हा त्या स्त्रियांचा परकेपणा गेला, त्या हात धरून चालू लागल्या, मनातील गोष्टी सांगू लागल्या. ज्यांस अस्पृश्य म्हणत त्यांची स्थिती तर याहून कठीण. चोखामेळ्याची समाधी विठ्ठलमंदिराच्या पायरीशी आहे. त्याच्या जातभाईंस आत जाता यावे म्हणून साने गुरुजींस १९४७ सालच्या मे महिन्यात दहा दिवस उपोषण करावे लागले. अभंगात जे शतकानुशतके गायिले गेले ते पंक्तीपर्यंत का पोहोचले नाही, हा इरावतीबाईंचा प्रश्न. तो विठ्ठलावर अविश्वास असणाऱ्याचा नव्हे. वारीवर जीव जडलेल्या बाईचा आहे.

हा दोष एकाच धर्माचा, असे समजून कोणी समाधान मानू नये. आमच्या उपनगरांकडेच पाहा. साष्टीत पोर्तुगीजांच्या काळी ख्रिस्ती झालेली कुटुंबे आज ईस्ट इंडियन म्हणून ओळखली जातात. हे नाव त्यांनी १८८७ साली घेतले. बोरिवलीस मंडपेश्वरच्या शैव लेण्याचे त्या काळी चर्च झाले होते. तेथील भिंतीवर कोरलेला क्रूस आजही दिसतो. या लोकांनी आपली मराठी बोली सोडली नाही. त्यांच्या लग्नात 'उंबराचं पाणी' आणितात. ऑक्टोबरात आगेरा सणास नव्या भाताच्या लोंब्यांवर आशीर्वाद मागतात. गावठाणांतून जे जुने क्रूस दिसतात, त्यांपैकी पुष्कळ १८९६ पासूनच्या प्लेगच्या साथीत उभारलेले आहेत. मरणाच्या भयाने माणसे त्यांच्यापाशी प्रार्थनेस जमली, आणि साथ गेल्यावरही जमत राहिली. असे असूनही धर्म बदलला म्हणून सोयरिकीचे वर्तुळ बदलले नाही. कोळी कोळ्यांत, कुळबी कुळब्यांत अशीच लग्ने पुढेही फार काळ होत राहिली. आंबेडकरांची १९१६ सालची कसोटी येथेही लागू पडते.

त्या पालकांच्या कन्येस आम्ही प्रवेशापूर्वी एक लहानसे काम दिले होते. आपल्या गावठाणातील क्रूसांवरची सने उतरून घ्यावीत, आणि घरच्या वडीलधाऱ्यांस तीन प्रश्न विचारावेत: आपण प्रार्थनेस कोणाबरोबर उभे राहतो, कोणाच्या पंक्तीस बसतो, सोयरीक कोणाशी करतो. पंधरा दिवसांनी ती वही घेऊन आली. सने सुवाच्य अक्षरांत लिहिली होती. पहिल्या दोन प्रश्नांस आजीने पानभर उत्तरे सांगितली होती. तिसऱ्या प्रश्नाखाली एकच ओळ होती: "आजी म्हणाली, हे तुझ्या बापाला विचार." मुलगी अजून दर रविवारी प्रार्थनेस जाते असे तिचे वडील सांगतात. ती ओळ मात्र त्यांनीही वाचली आहे, आणि अद्याप तिचे उत्तर दिलेले नाही.