पंधरा दिवसांच्या पगारात नवी विद्या?

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत कपातीत गेलेल्या कामगारासाठी पुनर्कौशल्य निधीची तरतूद आहे. मालकाने 15 दिवसांच्या पगाराइतकी रक्कम भरायची आणि ती 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायची. विजेच्या गाडीला पिस्टन लागत नाही, सायलेन्सर लागत नाही. त्यामुळे भोसरी-चाकणच्या शेडमध्ये हेच भाग बनवणाऱ्यांसाठी ही तरतूद महत्त्वाची ठरते. पण घराचा हप्ता आणि किराणा भागवला की ही रक्कम संपते. शिवाय नुसते शिकवून भागत नाही. काम गेल्यानंतर, पगार बंद झाल्यावर आणि पुढची नोकरी ठरलेली नसताना दिलेले प्रशिक्षण बहुतेकदा वाया जाते.

अमेरिकेतल्या जेन्सव्हिलमध्ये हे दिसून आले आहे. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना डिसेंबर 2008 मध्ये थांबला आणि बरेच कामगार ब्लॅकहॉक टेक्निकल कॉलेजात नवे शिकायला गेले. अ‍ॅमी गोल्डस्टीन या पत्रकार महिलेने अर्थतज्ज्ञांच्या मदतीने आकडेवारी तपासली, तर न शिकलेल्यांच्या तुलनेत शिकलेल्यांच्या हाती काम कमी आणि कमाईही कमी होती. शिक्षण वाईट होते असे नव्हे. गावात नोकऱ्याच मोजक्या होत्या आणि हे लोक वर्गात बसले असताना इतरांनी त्या पटकावल्या असाव्यात.

मग पुढची नोकरी कुठे? ‘सौर ऊर्जेत भरपूर रोजगार आहे’ हे उत्तरही तपासून घ्यायला हवे. छतावर पॅनेल बसवणे हे साइटचे काम आहे; साइट संपली की माणूस मोकळा. जॉबला मायक्रोमीटर लावून, मशीनचा ऑफसेट शतांश मिलिमीटरने सरकवणाऱ्या सीएनसी ऑपरेटरला तिथे स्टँडचे बोल्ट आवळायला लावणे म्हणजे त्याची निम्मी विद्या फेकून देणे. त्याची नजर विजेच्या गाडीच्या मोटरच्या शाफ्टला आणि हाऊसिंगला हवी आहे. मेंटेनन्सचा फिटर मात्र इन्व्हर्टर-पॅनेलच्या कामात लवकर रुळेल. पुढची नोकरी आधी ठरवताही येते. साणंदचा फोर्डचा कारखाना टाटांच्या विजेवरच्या गाड्यांच्या कंपनीने जानेवारी 2023 मध्ये ताब्यात घेतला, तेव्हा पात्र कामगारांना नोकरी देऊ करणे हा कराराचाच भाग होता. तळेगावात उलट घडले. जनरल मोटर्सचे उत्पादन 2020 अखेर थांबले, ह्युंदाई आली ती 2024 मध्ये, आणि करार झाला तो जमीन, इमारती व ठरावीक यंत्रांचा. मधल्या काळात कामगार संघटनेला न्यायालयाची पायरी चढावी लागली.

आपल्याकडे अजून पेट्रोल-डिझेलच्याच मोटारी जास्त खपतात, मग घाई कशाला, असे कुणी म्हणेल. पण पगार चालू असताना शिकवायची संधी याच काळात आहे. तीनचाकीत तर नव्या विक्रीपैकी निम्म्याहून अधिक गाड्या आता विजेवरच्या आहेत. तीनचाकीचे भाग बनवणाऱ्या वाळूजच्या पुरवठादारांना हे वेगळे सांगायला नको. आम्ही शिकवायचे आणि माणूस शेजारच्या कंपनीत जायचा, ही मालकांची तक्रार खोटी नाही. म्हणूनच खर्च एकेका कंपनीवर न टाकता औद्योगिक वसाहतीतल्या सगळ्या कंपन्यांनी मिळून उचलावा, मोठ्या कंपन्यांनी त्यात जास्त वाटा द्यावा.

खरी अडचण कंत्राटी आणि ठरावीक मुदतीवर घेतलेल्या मुलांची आहे. ठरावीक मुदतीची नोकरी मुदत भरून संपली, तर कायद्याच्या लेखी ती कपातच नव्हे. म्हणजे निधीही नाही. ठेकेदार बदलत, ब्रेक घेत त्याच पट्ट्यात वर्षानुवर्षे राबलेल्यांची नोंद पीएफच्या यूएएन क्रमांकावर मात्र असते. निधीचा हक्क त्या नोंदीवरून, एकूण सेवेच्या हिशेबाने ठरवता येईल.